डेन्मार्कमध्ये मोठ्या वयात शिकायचं कसं

डेन्मार्कला नव्याने आलेली मराठी माणसं शिक्षणाबद्दल विचारायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "त्याचं सर्टिफिकेट मिळतं का?" प्रश्न रास्त आहे. आपण दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलो, त्यामुळे हातात कागद पडल्याशिवाय काही शिकलो असं वाटतच नाही. पण या देशात मोठ्यांच्या शिक्षणाचा फार मोठा भाग असा आहे की तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. इथे रुजायचं असेल तर कागदाच्या वर्गाबरोबर एक तरी बिनकागदाचा वर्ग पहिल्याच वर्षी धरावा, असं माझं ठाम मत आहे. तो कसा शोधायचा, कुठे जायचं आणि गेल्यावर काय करायचं, ते सविस्तर लिहिते.

मी मूळची तासगावची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बँकेत नोकरी केली. नवऱ्याचं काम पवनचक्क्यांच्या कंपनीत, म्हणून आम्ही ऑर्हुस शहरात आलो. इथे आधी विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसले, आता दर हिवाळ्यात संध्याकाळच्या शाळेत भारतीय स्वयंपाक शिकवते. त्यामुळे फळ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगते आहे. एक सूचना मात्र आधीच देते. परवाना, फी, मुदत यांचे नियम इथे सरकार बदललं की बदलतात, म्हणून पैशांचे आकडे अंदाजापुरते धरा आणि अर्ज करायच्या दिवशी आपल्या कोम्यूनेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, संकेतस्थळावर पुन्हा वाचून घ्या.

आधी भाषा

सीपीआर, म्हणजे इथला व्यक्तिगत ओळख क्रमांक मिळाला, पिवळं आरोग्यकार्ड घरी आलं, मिटआयडी ही ऑनलाइन ओळख चालू झाली, की डॅनिश शिकायची सोय कोम्यूने करून देते. त्याचं पत्र डिजिटल पोस्टात, म्हणजे सरकारी पत्रांच्या ऑनलाइन पेटीत येतं. ती पेटी रोज उघडून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण कागदी पत्र येणार नाही. नोकरीसाठी आलेल्यांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या जोडीदारांना एकूण साडेतीन वर्षांचं शिक्षण पाच वर्षांच्या मुदतीत घेता येतं. वर्गाची फी नाही, पण अनामत रक्कम ठेवावी लागते. "मुलं जरा मोठी होऊ देत, मग बघू" असं म्हणत मुदतीतली दोन वर्षं घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. मूल लहान असेल तर संध्याकाळचा किंवा ऑनलाइन वर्ग मागा, पण सुरुवात करा.

भाषाकेंद्रात पहिल्या भेटीत तुमचं शिक्षण विचारतात आणि तीनपैकी एका शाखेत घालतात. ज्यांना स्वतःच्या भाषेतही लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी पहिली शाखा, थोडं शालेय शिक्षण झालेल्यांसाठी दुसरी, आणि पुढे शिकलेल्यांसाठी तिसरी. आपल्याकडचे पदवीधर बहुतेक तिसऱ्या शाखेत जातात. तिचा वेग जबर असतो. शेवटी प्रॉव्ह इ डॅन्स्क 3 ही परीक्षा असते, ती साधारणपणे नागरिकत्वासाठी लागते. कायम वास्तव्याच्या परवान्याला प्रॉव्ह इ डॅन्स्क 2 पुरते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि हिवाळ्यात. पदवी हातात असूनही तिसऱ्या शाखेचा वेग झेपत नसेल, तर तसं शिक्षिकेशी स्पष्ट बोला. दुसरी शाखा घेण्यात कमीपणा नाही, आणि वर्ग सोडून घरी बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

डॅनिश लिहितात एक आणि बोलतात भलतंच. 'मी' हा शब्द जे, ई, जी अशा तीन अक्षरांत लिहितात आणि म्हणताना होतो 'याय'. म्हणून माझा आग्रह आहे की वहीत उच्चार देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंगच्या वळणाने वाचायला गेलात तर जीभ कायम चुकीच्या जागी पडते. आकड्यांच्या बाबतीत आपल्या आजीने आपलं काम आधीच करून ठेवलं आहे. डॅनिश लोक पन्नासपासून नव्वदपर्यंत विसांनी मोजतात. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर साडेतीन विसा आणि नव्वद साडेचार विसा. बाकीचे परदेशी विद्यार्थी इथे डोकं धरून बसतात, पण विसांत मोजणारं माणूस घरात पाहिलेल्याला हे एका संध्याकाळीत उमजतं. घड्याळाचंही तसंच. 'हॅल त्रे' म्हणजे अडीच. इंग्रजीत विचार करणारी मंडळी साडेतीनला पोचतात.

भाषाकेंद्रातल्या वर्गात एक मोठी उणीव मात्र राहते. तिथे शिक्षिका सोडली तर डॅनिश माणूस नसतो. तुमच्या शेजारी सीरियाची, युक्रेनची, फिलिपिन्सची माणसं. माणसं फार चांगली असतात, माझ्या जवळच्या मैत्रिणी तिथेच झाल्या. पण अडखळत्या डॅनिशमध्ये अडखळत्या डॅनिशशी बोलून कान तयार होत नाही. आणि दुकानात तुम्ही डॅनिश सुरू केलं की समोरचा दोन वाक्यांत इंग्रजीवर येतो, कारण त्याला तुमची अडचण कमी करायची असते. "आपण डॅनिशमध्येच बोलू या" हे वाक्य पहिल्या आठवड्यात पाठ करा आणि बिनधास्त वापरा. लोक मनापासून खूश होतात. वाचनालयांत भाषा-कॅफे भरतात, तिथे स्वयंसेवक नुसते गप्पा मारायला बसतात, तेही जरूर करा. ऑर्हुसकरांनी बंदराजवळच्या डॉक वन वाचनालयात चौकशी करावी.

पण कान खरा तयार होतो तो संध्याकाळच्या शाळेत.

संध्याकाळची शाळा

हिला इथे आफ्टनस्कोले म्हणतात. दिवसा मुलांची शाळा असते, संध्याकाळी त्याच इमारतीत मोठी माणसं येतात. शिवण, कुंभारकाम, सुतारकाम, समूहगायन, चित्रकला, योग, पोहणं, परक्या भाषा, पाव भाजणं. हे सगळं कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. 1990 साली केलेल्या लोकशिक्षणाच्या कायद्याप्रमाणे कोम्यूनेला या कामासाठी जागा आणि अनुदान द्यावं लागतं, उरलेला खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. आओएफ, एफओएफ, एलओएफ या अशा शाळा चालवणाऱ्या संस्थांची नावं तुम्हाला गावोगावी दिसतील. त्यांचा उगम वेगवेगळ्या विचारांच्या चळवळींत आहे, उदाहरणार्थ आओएफ 1924 साली कामगार चळवळीतून निघाली. वर्गात मात्र तुम्हाला कोणी तुमचं राजकारण विचारत नाही. कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा ही कल्पना आपल्याला नवी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1855 सालीच ती चालवली होती. इथे ती सगळ्या देशाची सवय झाली आणि कायद्यात बसली, हा फरक मला मोठा वाटतो.

हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, दुसरी फेरी जानेवारीत. अभ्यासक्रमांची यादी उन्हाळ्याच्या सुटीच्या आसपास निघते. वाचनालयात छापील पुस्तिकाही ठेवलेल्या असतात. चांगले वर्ग ऑगस्टमध्येच भरतात, म्हणून भारतात सुटीला गेला असाल तरी तिथून नाव नोंदवा. निवृत्त आणि बेकार लोकांना पुष्कळ ठिकाणी सवलत असते. नोकरी शोधत असलेल्या जोडीदारांनी ती आहे का हे विचारायला संकोचू नये.

आता विषय कोणता घ्यायचा? इथे माझा सल्ला लोकांना उलटा वाटतो. जे तुम्हाला आधीपासून येतं, तेच घ्या. मला शिवण येत होतं. आईकडे हातशिलाईचं मशीन होतं आणि परकर-पोलक्यापासून सगळं घरात शिवलेलं. त्यामुळे इथल्या शिवणवर्गात हात आपोआप चालायचे आणि कान मोकळे राहायचे. शिक्षिका कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याबद्दल बोलू लागली की ती काय सांगते ते मला आधीच माहीत असायचं, फक्त शब्द नवे होते. सुई, दोरा, कात्री, तुरपाई, काज, अस्तर हे शब्द असे अंगात भिनले की पुन्हा कधी पाठ करावे लागले नाहीत. नवा विषय आणि नवी भाषा एकदम घेतली तर दोन्हीकडे गोंधळ होतो. सुतारकाम येणाऱ्याने सुतारकाम घ्यावं, गाणाऱ्याने कोरस घ्यावा. कोरसमध्ये तर एकाच ओळीचा उच्चार दहा वेळा सगळ्यांबरोबर करावा लागतो, आणि चुकलेला आवाज घोळक्यात लपतो.

दुसरं, "परदेशी लोकांसाठी" असं लिहिलेला वर्ग टाळा. तो इंग्रजीत चालेल आणि तुम्ही आहात तिथेच राहाल. तिसरं, शक्यतो घराजवळचा वर्ग घ्या. नोव्हेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडतो, पाऊस आडवा येतो, आणि तेव्हा दोन बस बदलून जायचा उत्साह कुणाचाच टिकत नाही. शिवाय जवळच्या वर्गातली बाई उद्या दुकानात भेटते, आणि तिथूनच ओळख वाढते.

पहिल्या संध्याकाळी वेळेच्या पाच मिनिटं आधी जा. खुर्च्या गोल मांडलेल्या असतील. प्रत्येक जण नाव सांगतो आणि इथे का आलो ते एका-दोन वाक्यांत सांगतो. ही दोन वाक्यं घरून तयार करून न्या. शिक्षकाला नावाने हाक मारायची, सर किंवा मॅडम म्हणायचं नाही. आपल्या जिभेला ते जड जातं, मलाही पहिला महिनाभर गेलं. त्यात अनादर नाही हे मनाला सांगत राहायचं. काही समजलं नाही तर तिथल्या तिथे विचारायचं. "समजलं का?" या प्रश्नावर आपण सवयीने मान डोलावतो आणि इथला शिक्षक ती मान खरी धरून पुढे जातो.

वर्गाच्या मध्ये कॉफीची सुटी होते. वर्गातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी हाच मानते. आपली बरीच माणसं या वेळात फोन काढून भारतात बोलून घेतात. कृपा करून तसं करू नका. टेबलाशी बसा. डॅनिश माणूस स्वतःहून खासगी प्रश्न विचारणार नाही, तो त्याच्या मते तुम्हाला मोकळीक देत असतो, आणि आपल्याला वाटतं हा शिष्ट आहे. म्हणून तुम्हीच विचारा. "हे कुणासाठी शिवताय?" एवढा एक प्रश्न पुरतो. नातीसाठी, असं उत्तर येतं, मग नात किती वर्षांची, कुठे राहते, आणि कॉफी संपेपर्यंत तुम्ही अर्धा तास डॅनिश ऐकलेलं असतं. पगार, जात-धर्म, लग्न का नाही केलं, हे मात्र विचारू नका. शेवटच्या दिवशी काहीतरी गोड करून न्यावं. माझ्या रव्याच्या लाडवांची कृती ज्यांनी लिहून घेतली त्यांच्यातल्या दोघी पुढे माझ्याच वर्गात शिकायला आल्या.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. यातल्या पुष्कळ शाळा म्हणजे सभासदांच्या संस्था आहेत. त्यांना घटना असते, निवडलेली कार्यकारिणी असते आणि दरवर्षी सर्वसाधारण सभा होते. सभेचं आमंत्रण आलं तर जा. अध्यक्ष अहवाल वाचतो, खजिनदार पै-पैचा हिशेब देतो, लोक प्रश्न विचारतात, मतदान होतं आणि मग केक. सोसायटीच्या आणि पतसंस्थेच्या सभा पाहिलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळतं. या देशाची राज्यव्यवस्था समजून घ्यायला याहून सोपी जागा नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जे प्रश्न आपण घोकतो, त्यांतली निम्मी उत्तरं या सभेत डोळ्यांनी दिसतात.

आणखी काही दारं

वाचन-लेखन किंवा गणित पक्कं करायचं असेल तर एफव्हीयू नावाचे मोफत वर्ग असतात, त्यांत संगणकाचाही भाग असतो. बारावीच्या तोडीचा एखादा विषय इथल्या पद्धतीने करायचा असेल, उदाहरणार्थ नर्सिंगला जायचं म्हणून जीवशास्त्र, तर व्हीयूसी या प्रौढ शिक्षण केंद्रात जा. फोर्कलिफ्ट चालवणं, वेल्डिंग, स्वयंपाकघरातली स्वच्छता असे कामाचे छोटे अभ्यासक्रम एएमयू नावाच्या व्यवसाय प्रशिक्षणात होतात. यांचे कागद मिळतात आणि नोकरीत चालतात. व्याख्यानं ऐकायची आवड असेल तर 1898 साली सुरू झालेलं लोकविद्यापीठ, फोल्केउनिव्हर्सिटेट, आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बसलेल्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल, पण व्याख्यानं डॅनिशमध्ये असतात, तेव्हा भाषा थोडी जमल्यावर.

हॉयस्कोले

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते. फोल्केहॉयस्कोले म्हणजे राहून शिकायची शाळा, वय वर्षं साडेसतरापासून पुढे कितीही. परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. देशात अशा सत्तरहून जास्त शाळा आहेत. देश केवढा? महाराष्ट्राचे सात तुकडे केले तर त्यातला एक, आणि वस्ती साठ लाखांच्या आतबाहेर. त्यात एवढ्या शाळा.

ही कल्पना एन. एफ. एस. ग्रुंटविग यांची. ते पाद्री होते, कवी होते, इतिहासकार होते. त्यांचं म्हणणं असं की लॅटिन घोकून घेणारी शाळा शेतकऱ्याच्या मुलाच्या काय कामाची? त्याला बोलता आलं पाहिजे, आपल्या भाषेचा, इतिहासाचा आणि कारभाराचा विचार करता आला पाहिजे. 1844 साली दक्षिणेकडच्या रोडिंग गावात पहिली शाळा उघडली. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, हे ध्यानात ठेवून मी हा इतिहास वाचते. क्रिस्टेन कोल्ड नावाच्या शिक्षकाने 1851 साली रिस्लिंगेला शाळा काढून ही कल्पना खेड्यातल्या मुलांच्या अंगाला बसेल अशी केली. 1864 च्या युद्धात डेन्मार्क हरलं, रोडिंग प्रशियाकडे गेलं, तेव्हा तिथले शिक्षक नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोवला आले आणि 1865 साली तिथे शाळा उभी केली. ती आजही चालू आहे.

आस्कोवचं नाव पवनचक्कीवाल्यांनी तर कानाला हात लावून घ्यावं. या शाळेतले पदार्थविज्ञानाचे शिक्षक पॉल ला कूर यांनी 1891 पासून तिथे वाऱ्यावर वीज करण्याचे प्रयोग केले. त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढला आणि शाळेतले दिवे त्यावर लावले. पुढे खेड्यांतल्या विजेच्या कामासाठी त्यांनी तरुण तयार केले. आज ऑर्हुसमध्ये वेस्टाससारख्या कंपन्यांत आपली जी मुलं बसली आहेत, त्यांच्या धंद्याचं एक मूळ परीक्षा न घेणाऱ्या शाळेत आहे. सहकारी दूध डेअऱ्यांचंही तसंच. पहिली डेअरी 1882 साली हेडिंगला निघाली, आणि ही चळवळ ज्यांनी खेडोपाडी नेली त्यांतले कितीतरी जण हॉयस्कोलेत राहून आलेले होते. वारणा, प्रवरा जवळून पाहिलेल्या माणसाला यातलं नातं उलगडून सांगावं लागत नाही.

निवड करताना आधी मुदत ठरवा. चार ते सहा महिन्यांचे लांब अभ्यासक्रम साधारण तरुणांसाठी, शाळा संपवून कॉलेजच्या आधी येणाऱ्यांसाठी असतात. नोकरी-संसार असलेल्यांनी एक किंवा दोन आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रम घ्यावा, ते उन्हाळ्यात जास्त असतात. आईबाप आणि मुलं मिळून, किंवा आजी-आजोबा आणि नातवंडं मिळून करायचेही आठवडे असतात. लांब अभ्यासक्रमाला राहणं, जेवण, शिकवणं धरून आठवड्याला साधारण दोन हजार क्रोनरच्या आसपास पडतात. छोट्या अभ्यासक्रमाचा आठवडा त्याहून बराच महाग असतो. रक्कम पाहून दचकायला होतं, पण त्यात तीन वेळचं जेवण आणि खोली आहे हे मोजा.

मग प्रकार. काही शाळा सर्वसाधारण आहेत, काही खेळाच्या. फ्यून बेटावरचं ओलेरुप जिम्नॅस्टिक्ससाठी 1920 पासून प्रसिद्ध आहे. एबेलटॉफ्टला सिनेमाची शाळा आहे. भाषा अजून अजिबात नसेल तर हेल्सिंगॉरचं इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज पाहा. पीटर मानिके यांनी पहिल्या महायुद्धानंतर, 1921 साली, वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी एकत्र राहावं म्हणून ते काढलं, आणि तिथे इंग्रजीत शिकवतात. भारतातून थेट येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी तीच वाट सोयीची. त्यांना वेगळा परवाना लागतो, आणि त्याच्या सध्याच्या अटी शाळेच्या कार्यालयातूनच विचारून घ्याव्यात. डेन्मार्कमध्ये राहत असाल आणि भाषाकेंद्रातलं दुसरं-तिसरं मोड्यूल, म्हणजे अभ्यासाचा टप्पा, झालं असेल, तर मात्र डॅनिशमध्ये चालणारी शाळाच निवडा. अर्ज सोपा असतो, गुणपत्रिका मागत नाहीत. "का यावंसं वाटतं" हे दोन-चार ओळींत खरंखरं लिहा. मी शिवण आणि गाणं लिहिलं होतं.

दिवस कसा जातो? सकाळी न्याहारी, मग सगळे एका सभागृहात जमतात, गाणं म्हणतात, कुणीतरी काहीतरी सांगतं. मग वर्ग. कायद्यानेच निम्मं तरी शिकवणं सर्वसाधारण विषयांचं असावं लागतं, म्हणून कुंभारकामाच्या आठवड्यातही इतिहासावर, पर्यावरणावर, साहित्यावर बोलणं होतं. जेवणं एकत्र. भांडी घासणं, टेबलं पुसणं, स्वयंपाकघरात मदत करणं याच्या पाळ्या लागतात आणि मुख्याध्यापकही त्यांतून सुटत नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहांत वाढलेल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. पाळी कधीही चुकवू नका, उलट पहिल्याच दिवशी भांड्यांची मागून घ्या. ओल्या हातांनी शेजारी उभं राहिलं की लोक जितकं बोलतात तितकं वर्गात बोलत नाहीत.

गाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपली माणसं तिथेच मागे बसतात. हॉयस्कोलेचं एक गाण्यांचं पुस्तक आहे, पहिल्यांदा 1894 साली निघालं, आजची आवृत्ती 2020 ची, त्यात सहाशेच्या आसपास गाणी. लग्नात, वाढदिवसाला, मयताला, ऑफिसच्या कार्यक्रमालाही लोक त्यातून गातात. 2020 च्या वसंतात सगळं बंद होतं, तेव्हा दूरदर्शनवरून रोज सकाळी गाणं लावत आणि लोक घराघरात त्याबरोबर गात. जायच्या महिनाभर आधी हे पुस्तक वाचनालयातून आणा आणि पाच-सहा गाणी ऐकून ठेवा. ऋतूंवरची गाणी आधी घ्या, त्यांचे शब्द सोपे आणि रोजच्या वापरातले. आरत्या ताला-सुरात म्हणणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला घोळक्यात गायची लाज नसते, ती आपली जमेची बाजू आहे, ती वापरा. आणि "तुमच्याकडचं काही म्हणा" असं कधीतरी विचारतीलच. एखादा अभंग किंवा ओवी तयार असू द्या, आणि तिचा अर्थ डॅनिशमध्ये तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे.

शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा आणि अंडं-मासे चालतात की नाही तेही लिहा, कारण इथे मासे खाणारा शाकाहारी असू शकतो. जेवण मिळतं, चांगलं मिळतं, पण तिखट नसतं. एक लहान डबा चटणीचा न्यावा. खोलीत दुसरी व्यक्ती असेल तर उग्र वासाचं लोणचं उघडण्याआधी विचारावं. अंथरूण-चादर काही शाळा देतात, काही देत नाहीत, ते पत्रात असतं. रेनकोट, घरात घालायच्या चपला, वही एवढं हवंच. तिसऱ्या दिवशी एकटं वाटतं. सगळ्यांना वाटतं, डॅनिश लोकांनाही. त्या संध्याकाळी खोलीत बसू नका, खाली जिथे लोक पत्ते खेळत किंवा विणत बसलेले असतात तिथे जाऊन बसा, बोलला नाहीत तरी चालेल.

स्वतः शिकवायचं असेल तर

संध्याकाळच्या शाळेत शिकवायला शिक्षकाची पदवी लागतेच असं नाही. विषय येतो का आणि शिकवता येतो का, हे पाहतात. मानधन तासाप्रमाणे. पुढच्या हंगामाची यादी वसंतातच ठरते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या प्रमुखाला पत्र लिहा. एक पान पुरे. काय शिकवणार, किती संध्याकाळी, किती माणसं, काय साहित्य लागेल. "भारतीय स्वयंपाक" एवढंच लिहिलंत तर त्यांच्याकडे तशी पत्रं आधीच असतात. मी "डाळ, पोळी आणि कोशिंबीर: चार संध्याकाळी" असं लिहिलं आणि लगेच बोलावणं आलं.

पहिल्या संध्याकाळी फक्त पोळी घ्या. कणीक मळण्यात लोकांचे हात गुंततात, चुका दिसतात, हसू येतं, आणि तुमचं डॅनिश तोडकं आहे याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. इथलं गव्हाचं पीठ आपल्या कणकेसारखं नसतं. ऑर्हुसमध्ये बाझार वेस्ट या बाजारात जाऊन पोळीची कणीक, बेसन आणि डाळी आणाव्या, आणि विद्यार्थ्यांना त्या दुकानाची वाटही सांगावी. कृती छापून द्या, मापं ग्रॅम आणि डेसिलिटरमध्ये. "अंदाजाने मीठ" असं लिहिलेलं इथे चालत नाही, लोक खरोखर थांबून विचारतात. तिखट अर्ध्यावर आणा आणि उरलेलं वाटीत बाजूला ठेवा, ज्याला हवं तो घेईल. डाळींची डॅनिश नावं, गॅस मोठा-बारीक करणं, परतणं, फोडणी तडतडणं, झाकण ठेवणं, ही क्रियापदं एका कागदावर लिहून ओट्यावर चिकटवून ठेवा. ऐन फोडणीच्या वेळी शब्द आठवत बसायला वेळ नसतो, मोहरी करपते.